बाहेर कोणी उभं नाही

१

दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सकाळी मी शिकागोच्या आमच्या म्युझियममध्ये आंधळ्या माणसांना चित्रं दाखवते. हे ऐकून कोणी बुचकळ्यात पडलं की माझा नवरा कॅस लगेच म्हणतो, "आणि बुधवारी ती बहिऱ्यांना बँड ऐकवते." लग्नाला चाळीस वर्षं होऊन गेली, तरी हा विनोद त्याला अजून ताजा वाटतो.

मी वांडा कोझिएल. आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला. निवृत्त झाल्यावर घरी बसून कॅसचे विनोद ऐकण्यापेक्षा हे बरं, म्हणून हे काम पत्करलं. पगार नाही, पण कॉफी फुकट, आणि श्रोते शाळेतल्या पोरांपेक्षा शंभरपटीने गुणी. मला हे काम मनापासून आवडतं. अजूनही आवडतं, हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं वाचून कोणाला तसं वाटणार नाही.

काम साधं आहे. अंधांच्या संस्थेची गाडी माणसांना दारात सोडते. मी त्यांना आत आणते, घडीच्या खुर्च्या मांडते, चित्राकडे पाठ आणि माणसांकडे तोंड करून उभी राहते आणि बोलते. बोलायचे नियम ठरलेले आहेत. मोठं आधी, बारीक नंतर. डावीकडून उजवीकडे. रंग सांगायचा तर तो हाताला किंवा जिभेला कळेल असा सांगायचा. आधी दिसतं ते सांगायचं; अर्थ मागून, तोही कोणी विचारला तर.

आणखी एक नियम आहे. आम्हाला शिकवणारी ब्रिजेट तो दर वेळी बजावते: चित्रात जे नाही, ते बोलायचं नाही.

"अंगणात कुत्रा नाही, असं म्हणायचं नाही," ती पहिल्याच दिवशी म्हणाली होती. "डोळे असलेल्याला रिकामं अंगण समोर दिसतंच. ज्याला दिसत नाही, त्याच्या मनात आधी कुत्रा येऊन बसतो. मग तुम्ही कितीही 'नाही नाही' म्हणा, तो काही उठत नाही."

तेव्हा आम्ही सगळे हसलो होतो. मीही हसले होते.

२

आमच्याकडे चित्रं हजारो आहेत, पण सगळ्यांना बघायचं असतं एकच. ते तुम्हीही कुठेतरी पाहिलं असेल. कॅलेंडरवर, कपावर, दातांच्या डॉक्टरच्या भिंतीवर. आम्ही स्वयंसेवक त्याला नुसतं 'कोपरा' म्हणतो.

माझं सांगणं साधारण असं असतं. "चित्र आडवं आहे, दोन्ही हात ताणले की जवळजवळ तेवढं लांब. शहर आहे, रात्र आहे. डाव्या बाजूला विटांची जुनी इमारत, खाली दुकानांच्या अंधाऱ्या काचा, एका काचेआड गल्ल्याचं यंत्र. उजवीकडून एक खानावळ जहाजाच्या नाकासारखी रस्त्यात घुसली आहे. तिच्या भिंती काचेच्या आहेत, म्हणून आतलं सगळं उघडं दिसतं. आतला उजेड पिवळा आहे. ओव्हनचं दार उघडल्यावर तोंडावर येते ना, ती ऊब म्हणजे हा पिवळा. तो फुटपाथवर सांडतो तिथे हिरवा होतो. हिरवा म्हणजे पुदिन्याची गोळी चघळून आत घेतलेला श्वास. आत लाकडी काउंटर. मागे कॉफीचे दोन मोठे चकचकीत पिंप. पांढऱ्या टोपीचा पोऱ्या वाकून काहीतरी काढतोय आणि वर बघतोय. समोर एक जोडपं; तिचा झगा लाल, त्याच्या डोक्यावर हॅट, दोघांचे हात काउंटरवर अगदी जवळ. आणि अलीकडच्या बाजूला, आपल्याकडे पाठ करून, एकटा बसलेला एक माणूस."

अर्थ विचारला की मात्र माझं पुस्तकांशी जमत नाही. पुस्तकं म्हणतात, हे महानगरातल्या एकटेपणाचं चित्र. मला ते कधीच पटलं नाही. कॉफी गरम आहे, डोक्यावर दिवा आहे, आणि इतका वेळ कुठे होतास असं कोणी विचारत नाही. मी याला सुख म्हणते. कॅसला हे सांगितलं तर तो म्हणाला, "यातलं शेवटचं माझ्यासाठी होतं का?"

एमेट ग्रेलीलाही ते सुखाचंच चित्र वाटायचं. म्हणून आमचं जमलं. एमेट म्हणजे उंच, हाडकुळा आयरिश म्हातारा. जन्मभर शहरातली, रस्त्यांवरून उंच खांबांवर धावणारी लोकल चालवलेला. बायको नोरीन जाऊन बरीच वर्षं झाली होती. ऑक्टोबरात तो पहिल्यांदा आला तेव्हा त्याला कडेकडेचं थोडं दिसत होतं. मधोमध मात्र सगळं पुसलेलं. वसंतापर्यंत उरलेलंही जाईल, असं डॉक्टर म्हणाले होते.

"मास्तरीणबाई," तो मला म्हणाला, "मला एवढं एकच चित्र द्या. बाकीची बाकीच्यांना वाटा."

"एवढंच का?"

"शेवटची पाळी संपवून मी असल्याच कोपऱ्यावर जेवायचो. नोरीन झोपलेली असायची, तिला कशाला उठवायचं. आता सगळा अंधार झाला की मला बसायला एक उजेडाची जागा पाहिजे. घरात कोणी नाही. निदान डोक्यात तरी दिवा असावा." आणि मग हसून म्हणाला, "नीट भरा हं. एकदा भरलं की मला दुरुस्त करता यायचं नाही."

त्याचा तो हसरा, घाबरलेला चेहरा पाहून मला गलबलून आलं. मी ठरवलं, या माणसाच्या डोक्यात कोपरा असा मांडायचा की तिथे त्याला आयुष्यभर सुखाने बसता यावं. दर वेळी बाकीचे पुढच्या दालनात गेले की मी त्याच्यासाठी थोडं जास्त थांबायची. काउंटरवरच्या मिठाच्या बाटल्या, कागदी रुमालांचे डबे, एकटाच उभा असलेला रिकामा पेला, सगळं एकेक करून देत गेले. तो ओठ हलवत पाठ करायचा.

३

नोव्हेंबरात त्याने विचारलं, "आणि बाहेर?"

"बाहेर फुटपाथ. हिरवा उजेड."

"ते झालं हो. पण रात्रीचा कोपरा आहे. बाहेर कोणीतरी असतंच. मला एकदा लुबाडलंय अशाच ठिकाणी. आतल्यांना बाहेरचा दिसत नाही, बाहेरच्याला आतले चांगले दिसतात."

त्याचा हात काठीवर घट्ट झाला होता. मला वाईट वाटलं, आणि मी जे बोलायला नको ते बोलले. तेही अगदी सविस्तर, शाळेतल्या बाईसारखं.

"नाही एमेट, बाहेर कोणी उभं नाही. रस्त्यावर कोणी नाही. डाव्या हाताला, त्या गल्ल्याच्या यंत्राच्या काचेपाशी, तिथेसुद्धा कोणी उभं नाही."

"नक्की?"

"नक्की."

तो सैल झाला. शेजारी ओपल बसली होती. ती दक्षिणेकडच्या एका चर्चमध्ये ऑर्गन वाजवते. जन्मापासून आंधळी, आणि आमच्या सगळ्या गटात हसायला पहिली. ती त्या वेळी हसली नाही. मान थोडी तिरकी करून ऐकत राहिली. मला वाटलं, पुढच्या दालनातल्या शाळेच्या पोरांचा गोंगाट ऐकत असेल.

डिसेंबरात खुर्च्या मांडून होण्याआधीच एमेटने विचारलं, "तो अजून उभाच आहे का हो?"

"कोण?"

"यंत्राच्या काचेपाशी होता तो."

मी हसले. म्हटलं, एमेट, तिथे कोणी नव्हतं, तेच तर सांगितलं होतं.

"हो, तुम्ही सांगितलं होतं," तो गोंधळून म्हणाला. "पण तो आहे."

"मला वाटलं, मलाच एकटीला," ओपल म्हणाली. "इमारतीला टेकून उभा आहे ना? पायावर पाय टाकून?"

"टेकलेला नाही," एमेट म्हणाला. "सरळ उभा आहे. काचेकडे तोंड करून."

मी मागे वळून चित्र पाहिलं. अंधाऱ्या काचा, गल्ल्याचं यंत्र, मोकळा फुटपाथ. जसं रोज असतं तसं.

दोघं एकाच गाडीतून येतात, वाटेत बोलली असतील, एकाचं दुसऱ्याला लागलं असेल. शहाण्या माणसाने काढावा तसा निष्कर्ष मी काढला आणि दुपारी ब्रिजेटच्या टेबलापाशी जाऊन माझी चूक सांगितली.

"कुत्रा," ब्रिजेट म्हणाली.

"कुत्राच."

"आता 'नाही' म्हणून तो जाणार नाही. ती जागा भरून टाका. तिथे जे आहे ते इतकं सांगा की दुसऱ्या कशाला जागा उरू नये."

मला हे एकदम पटलं. घरी येऊन कॅसला सांगितलं, तर तो म्हणाला, "जागा भरायची असेल तर तुझ्या बहिणीला नेऊन उभी कर." त्या संध्याकाळी आम्ही पिएरोगी, म्हणजे आमच्या पोलिश उकडीच्या करंज्या, करत होतो, खिडकीबाहेर बर्फ पडत होता आणि मला कशाचीही काळजी नव्हती.

४

जानेवारीत मी फुटपाथ असा सांगितला की गवंड्यानेही ऐकत राहावं. फरशीचा पोत, कडेचा दगड, हिरव्या उजेडाची तिरकी कड, दुकानाच्या चौकटीची सावली. काचेपासून काचेपर्यंत तसूभर जागा सोडली नाही. बोलून झाल्यावर मी समाधानाने थांबले.

"आता नीट दिसला," एमेट हळू आवाजात म्हणाला. "उजेडात आलाय. पण पायांत निदान बूट असावेत, तर बूटही नाहीत. नुसता उभा आहे. खानावळीच्या काचेपर्यंत आलाय."

"दार शोधतोय," ओपल म्हणाली.

त्या चित्रात खानावळीला रस्त्याकडून दार दिसत नाही. काचच काच. आत एक दार आहे, पण ते मागच्या स्वयंपाकघराचं. ही गोष्ट मी कोणालाही कधी सांगितली नव्हती, कारण नियम मला पाठ होता.

उठावाची पाटी मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट हातात घेतली. ही पाटी म्हणजे चित्रातल्या रेषा फुगवून केलेला प्लास्टिकचा तक्ता. माणसं मांडीवर घेऊन बोटांनी चाचपतात आणि मी बोलत असते. माझा तिच्याशी संबंध फक्त पुसून ठेवण्यापुरता. सगळे गेल्यावर मी खुर्चीत बसले, मला दिसत असल्याची लाज वाटून डोळे मिटले आणि बोटं डावीकडून फिरवली. विटांची इमारत. यंत्राची काच. गुळगुळीत फुटपाथ. मग खानावळीच्या काचेच्या अलीकडे, बोटाच्या पेराखाली, एक उंचवटा. उभा, तांदळाच्या दाण्याएवढा.

मी डोळे उघडले. बोटाखाली प्लास्टिक सपाट होतं.

पुन्हा मिटले. दाणा होता. किंचित कोमट होता.

सकाळी मी डबाभर पाचकी, म्हणजे साखरेत घोळलेले पोलिश वडे, खाल्ले होते, बोटांना साखर लागली असणार. मी हात धुऊन आले, पाटी पुसली आणि कपाटात ठेवली. पुन्हा हात लावून बघितला नाही. माझं डोकं ठिकाणावर आहे ही माझी समजूत मला प्रिय होती आणि ती विनाकारण पणाला लावायची मला इच्छा नव्हती.

फेब्रुवारीत एमेट आला नाही. त्याऐवजी मिलवॉकीहून एक नवे गृहस्थ आले होते. यापूर्वी ते इथे कधी आले नव्हते, कोणाला ओळखत नव्हते, गाडीतूनही आले नव्हते. मुलीने सोडलं होतं. मी बोलत असताना त्यांनी पाटी चाचपली आणि शांतपणे विचारलं, "बाई, हा इथे खानावळीकडे पाठ फिरवून आपल्याकडे निघालाय, हा कोण?"

मी म्हटलं, पुढच्या दालनात एक फार सुंदर निसर्गचित्र आहे, चला. माझी पाठ अजून कोपऱ्याकडे होती, आणि दालनाच्या दारापर्यंत मी ती तशीच ठेवून, एकदाही वळून न बघता घाईघाईने चालत गेले. ओपलला माझ्या पावलांवरून ते कळलं असावं. तिने माझा दंड धरला.

५

एमेटला फोन केला. आवाज खुशीत होता.

"गेलं हो सगळं," तो म्हणाला. "दोन आठवडे झाले. पण कमाल केलीत, मास्तरीणबाई. दिवा लागलेला आहे. मी म्युझियममध्ये कशाला येऊ? मी तिथेच बसलेला असतो दिवसभर."

"मग सगळं ठीक?"

त्याने आवाज हळू केला. "या ना एकदा. जेवायच्या वेळी या. उजेडात."

मार्चमधल्या एका दुपारी मी बार्लीच्या सूपचं भांडं घेऊन त्याच्या घरी गेले. बर्फ वितळत होता, गल्लीभर पाण्याचा आवाज होता आणि त्याच्या छोट्या विटकरी घराच्या स्वयंपाकघरात ऊन आलं होतं. टेबलावर स्वच्छ कप मांडलेले. फ्रीज गुणगुणत होता. एमेटने दाढी केली होती, शर्टाची बटणं बरोबर लावली होती. इतकं नीटनेटकं घर पाहून मला खरंच बरं वाटलं.

"मजेत आहेत सगळे," तो सूप पिताना म्हणाला. "पोऱ्या कप रिकामा होऊ देत नाही. ती लाल झग्यातली हसते. हसते हे तुम्ही बोलला नव्हतात."

"ते चित्रात कळत नाही."

"तिथे बसलं की कळतं." त्याने चमचा ठेवला. "आता दुसरं सांगतो. घाबरू नका. त्याला दार सापडलं नाही. काचेला हात लावून लावून सगळीकडे फिरला बिचारा. मग वळला आणि अलीकडे आला. अलीकडे म्हणजे आपल्याकडे. तो फ्रीजजवळ उभा आहे."

मी फ्रीजकडे पाहिलं. फ्रीज होता, त्यावर नोरीनच्या वेळचा एक चुंबकाचा कोंबडा होता, आणि शेजारी ऊन पडलेली भिंत. मी तोंड उघडलं. 'एमेट, तिथे कोणी' एवढं जिभेवर आलं होतं. मी ओठ दातांत धरले.

"शहाण्या आहात," एमेट म्हणाला. "पुन्हा 'नाही' म्हणाला असतात तर दुसरा आला असता."

"काय करतो तो?"

"काही नाही. काय करणार? त्याच्याजवळ काही नाहीच. सगळ्यांना तुम्ही हॅट दिलीत, बाह्या दिल्यात, नाकं दिलीत. त्याला नुसतं 'उभं' दिलंत. कोट नाही, हात नाहीत, तोंड नाही. असा तो माझ्या घरात उभा आहे आणि मला झोप येत नाही, मास्तरीणबाई. काढून टाका म्हणत नाही, ते होणार नाही हे मला कळतं. पण अर्धवट ठेवू नका. त्याला पुरा करा, म्हणजे तो बसेल."

दिव्याची जागा मीच त्याला दिली होती आणि तिच्यात हे मीच सोडलं होतं. मला त्याची दया आली, स्वतःचा राग आला, आणि खरं सांगायचं तर भीतीही वाटली. पण काम माझं होतं आणि मला ते येत होतं. मी खुर्ची फ्रीजकडे वळवली आणि डोळे मिटले, कारण उघड्या डोळ्यांना तिथे नुसती भिंत होती.

मोठं आधी. "उंची मध्यम," मी सुरुवात केली. "खांदे थोडे झुकलेले, लांबची पाळी करून आलेल्या माणसाचे असतात तसे. अंगात करडा लोकरी कोट, ओला झाला की वास येतो त्यातला. वरचं बटण निघालेलं."

"हां," एमेट म्हणाला.

फ्रीजची गुणगुण दबली. समोर कोणी उभं राहिलं की दबते तेवढीच.

"पायांत काळे बूट, नाड्या घट्ट. डाव्या हातात हॅट, कडेने धरलेली. हात स्वच्छ, नखं कापलेली. उजवा हात मोकळा."

"हां. हां, बरोबर." एमेटचा आवाज सैल होत होता. "आता चेहरा द्या."

चेहरा मी येतानाच्या बसमध्ये, का कोण जाणे, ठरवून ठेवला होता. कॅसच्या धाकट्या भावाचा. गोल, मिशीवाला, चारचौघांत कोणालाही आवडेल असा. मी 'गोल' म्हणायला तोंड उघडलं, आणि मला काही रचावं लागलं नाही. मिटलेल्या डोळ्यांपुढे, कॉलरच्या वर, तो होता. माझ्याकडे बघत होता.

मी काय पाहिलं ते इथे लिहिणार नाही. लिहिलं की ते तुमच्याकडेही येईल, हे या कामात मी आता पुरतं शिकले आहे. एवढंच सांगते की तो चेहरा गोल नव्हता, आणि माझी वाट बघून तो कंटाळला नव्हता.

"मास्तरीणबाई?"

"गोल चेहरा," मी म्हटलं. "जाड मिशी, पिकत आलेली. डोळे लहान, हसरे. गालावर खळी पडते. चांगला चेहरा आहे, एमेट. शेजारी बसवावा असा."

इतक्या वर्षांत मी माणसांना चित्राबद्दल खोटं सांगितलं ते हे पहिलं.

फरशीवर खुर्ची सरकल्याचा आवाज आला. एमेटने लांब श्वास सोडला.

"बसला," तो म्हणाला.

मी डोळे उघडले. फ्रीज गुणगुणत होता. टेबलापाशी एमेटच्या समोरची खुर्ची थोडी बाहेर ओढलेली होती. मी आले तेव्हाही असेल. एमेट हसत होता आणि मला आणखी सूप वाढायला सांगत होता. मी वाढलं. दोन्ही हातांनी पळी धरून.

६

त्यानंतर सगळं चांगलं चाललं आहे. एमेट झोपतो, जेवतो, त्याचं वजन वाढलं आहे. ओपलने विचारलं, तो बाहेरचा कुठे गेला, आणि मी काही बोलायच्या आधी स्वतःच म्हणाली, "गेला वाटतं. बरं झालं. कोणाच्या तरी घरी गेला असेल." पाटी मी इतरांसमोर पूर्वीसारखीच ठेवते. मी अजूनही कोपऱ्याकडे पाठ करून उभी राहते, अजूनही सुखाचाच अर्थ सांगते, आणि तो मला अजूनही खराच वाटतो.

एमेट रविवारी फोन करतो. परवा बेसबॉलचं बोलून झाल्यावर म्हणाला, "तुमचा माणूस सोबतीला फार चांगला आहे. बाकीचे आपापसांत बोलतात, हा माझ्यापाशी बसतो. बोलत मात्र काही नाही. नुसता माझ्याकडे बघत असतो. सारखा. मला गालावर कळतं."

माझ्या मागे कॅस भांडी विसळत काहीतरी गुणगुणत होता.

"मिशीवाला, हसरा, असंच ना?" एमेट म्हणाला.

"हो."

"मग बघू दे की," तो म्हणाला, अगदी समाधानाने.

"बघू दे," मी म्हटलं.